रुग्णालयांची कीर्द-खतावणी

एखादा रुग्ण मोठ्या रुग्णालयात दाखल झाला म्हणजे त्याचे नाव किमान चार ठिकाणी नोंदले जाते. प्रवेशाच्या खिडकीवर एक नोंद होते, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दुसरी, औषधालयात तिसरी आणि बिलाच्या टेबलावर चौथी. पूर्वी ह्या चारही ठिकाणी वह्या असत व एका वहीतील मजकूर दुसरीपर्यंत पोहोचविण्याचे काम शिपाई, परिचारिका किंवा रुग्णाचे आप्त करीत. आता वह्यांची जागा संगणकांनी घेतली आहे. परंतु हे चार विभाग पुष्कळदा चार निरनिराळ्या कंपन्यांच्या आज्ञावलींवर चालतात आणि माहिती मांडण्याची प्रत्येकीची रीत निराळी असते. एका आज्ञावलीने दुसरीस पत्र लिहावयाचे तर ते कोणत्या भाषेत व कोणत्या क्रमाने लिहावे, ह्याचे जे नियम ठरविण्यात आले त्यांस संदेश-मानके म्हणतात. ह्या मानकांप्रमाणे आलेले पत्र वाचून त्यातील मजकूर आपल्या तक्त्यांत कसा उतरवून घ्यावा, ते तक्ते मुळात कसे आखावेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. काम वरकरणी कारकुनी वाटते. परंतु त्यात हयगय झाली तर ज्यास पेनिसिलिन मानवत नाही अशा माणसास पेनिसिलिन टोचले जाण्याचा संभव असतो, एवढे सांगितले म्हणजे त्याचे गांभीर्य ध्यानी येईल.

ह्या मानकांपैकी सर्वांत अधिक वापरले गेलेले मानक म्हणजे 'एच. एल. सेव्हन'. १९८७ साली अमेरिकेत ह्याच नावाची संस्था स्थापन झाली. नावातील सात हा अंक संगणकांच्या परस्परसंभाषणाचे जे सात थर कल्पिले आहेत त्यांतील सर्वांत वरच्या थराचा निदर्शक आहे. तार, विद्युत्संकेत, मार्ग इत्यादी गोष्टी खालचे थर पाहतात, तर वरच्या थराला मजकुराच्या अर्थाशी कर्तव्य असते. ह्या मानकाची दुसरी आवृत्ती आजही असंख्य रुग्णालयांत चालू आहे. तिसरी आवृत्ती अतिशय शास्त्रशुद्ध होती, पण इतकी अवजड की तिच्यातील दस्तऐवजांचा भाग सोडला तर बाकीचा फारसा रुळला नाही. पुढे २०११ पासून ग्रॅहॅम ग्रीव्ह ह्या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाच्या पुढाकाराने एक नवे मानक आकारास आले. त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार 'फायर' असा करतात. त्याविषयी पुढे लिहू.

दुसऱ्या आवृत्तीतील एक संदेश पाहिल्यावाचून पुढचे विवेचन हवेत राहील. मूळ संदेश रोमन अक्षरांत असतो. येथे वाचकांच्या सोयीसाठी तो देवनागरीत उतरविला आहे, त्यातील व्यक्ती काल्पनिक आहे आणि मधली एक ओळ गाळली आहे.

एमएसएच|^~\&|प्रयोगशाळा||रुग्णनोंद||२०२४०३१२०९१५||ओआरयू^आर०१|१०४५|पी|२.५
पीआयडी|१||७७८१||कुळकर्णी^सुमती^गोविंद||१९५८|एफ
ओबीएक्स|१|एनएम|ग्लुकोज||१०४|मि.ग्रॅ./डे.लि.|७०-१००|एच|||एफ

पहिल्या दर्शनी हा मजकूर गूढ वाटतो, पण त्याची रचना मनीऑर्डरीच्या फॉर्मासारखी साधी आहे. प्रत्येक ओळीचा आरंभ तीन अक्षरांच्या नावाने होतो आणि ते नाव पाहूनच ती ओळ कशाविषयी आहे हे कळते. पहिली ओळ म्हणजे पाकिटावरचा पत्ता : कोणी, कोणास, केव्हा व कोणत्या प्रकारचे पत्र धाडले. दुसरी ओळ रुग्णाची, तिसरी तपासणीच्या निष्कर्षाची. उभ्या रेघा एक जागा दुसरीपासून तोडतात, आणि एकाच जागेचे पोटभाग पाडावयाचे असतील तर '^' हे चिन्ह वापरतात. कोणती जागा कितवी ह्यावर सारा अर्थ अवलंबून असतो. रुग्णाच्या ओळीतील पाचवी जागा नावाची, सातवी जन्मतारखेची, आठवी लिंगाची. म्हणून सांगण्यासारखे काही नसले तरी रेघ गाळता येत नाही, ती ओढून जागा मोकळी सोडावी लागते. ही मोकळी जागा वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

आता हा मजकूर तक्त्यांत उतरवावयाचा. नवशिक्या माणसाला असे वाटते की, संदेशात जितक्या जागा तितके रकाने आखले, की काम झाले. येथेच पहिली गफलत होते. संदेश हा घडलेल्या घटनेचा वृत्तांत असतो, आणि तक्ता हे आजच्या स्थितीचे चित्र असते. आपल्याकडील व्यापाऱ्यांना हा भेद शतकानुशतके ठाऊक आहे. दिवसभरात जे जे घडले ते घडले त्या क्रमाने कीर्दीत लिहावयाचे आणि मग प्रत्येक खात्याचे जमा-नावे खतावणीत उचलून मांडावयाचे. कीर्दीवरून खतावणी पुन्हा तयार करता येते, पण खतावणीवरून कीर्द उभी करता येत नाही. रुग्णालयाच्या माहितीसाठ्यातही ह्या दोन वह्या हव्यात. आलेला प्रत्येक संदेश जसाच्या तसा, एका काना-मात्रेचाही फरक न करता, एका तक्त्यात जपून ठेवावा, ही कीर्द होय. आणि त्यातून रुग्ण, ओळखक्रमांक, नावे, तपासण्या असे जे तक्ते भरले जातात ती खतावणी होय. जागा वाचविण्यासाठी मूळ संदेश फेकून देणारी मंडळी पुष्कळ आढळतात. आमच्या मते ही कीर्द जाळून खतावणीवर भिस्त ठेवण्यासारखी काटकसर आहे.

कीर्दीचा आणखी एक उपयोग आहे. पत्र पोहोचल्याची पोच परत गेली नाही तर पाठविणारा संगणक तेच पत्र पुन्हा धाडतो. पहिल्या ओळीतील दहावी जागा, आपल्या उदाहरणातील १०४५, ही पत्राचा जावक क्रमांक आहे. कीर्दीच्या तक्त्यात 'पाठविणारा आणि जावक क्रमांक ही जोडी दुसऱ्यांदा येता कामा नये' असा निर्बंध घातला नाही, तर एकाच रक्ततपासणीच्या दोन नोंदी होतात आणि डॉक्टरांस वाटते की तपासणी दोनदा झाली.

खतावणीची आखणी करताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो असा : ही गोष्ट एका माणसाला एकच असते की अनेक? मानकात ह्याचे उत्तर प्रत्येक जागेपुढे लिहिलेले असते. जे एकच आहे ते रुग्णाच्या तक्त्यात रकाना म्हणून बसते. जे अनेक असू शकते त्याला स्वतंत्र तक्ता द्यावा लागतो. ओळखक्रमांक अनेक असतात. रुग्णालयाचा एक, विम्याचा दुसरा, सरकारी आरोग्यखात्याचा तिसरा. शिवाय ७७८१ हा क्रमांक एका रुग्णालयात एकाचा तर दुसऱ्यात भलत्याचाच असतो. म्हणून क्रमांकाबरोबर तो देणाऱ्या संस्थेचे नाव त्याच ओळीत नोंदले नाही तर तो क्रमांक निरर्थक ठरतो.

नावाचेही तसेच. आपल्याला स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे सवयीची आहेत. मानकात आडनाव प्रथम येते व बाकीची पदे मागून. विवाहानंतर पुष्कळ स्त्रियांची दोन पदे बदलतात. मानकाने ह्याची दखल घेऊन एकाच माणसाची अनेक नावे, प्रत्येकाच्या प्रकारासह, लिहिण्याची सोय ठेवली आहे. बेळगावसारख्या गावी तर एकच गृहस्थ मराठी, कन्नड व रोमन अशा तीन लिप्यांत आपले नाव लिहिलेले पाहतो आणि 'कुलकर्णी'चे 'कुळकर्णी' होणे हा कोणाच्याच खिजगणतीतला फरक नसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन माणसे. नावांना वेगळा तक्ता दिला की जुने नाव पुसावे लागत नाही. माहेरच्या नावाने झालेली दहा वर्षांपूर्वीची शस्त्रक्रिया सासरच्या नावाखाली सापडू शकते.

जन्मतारखेच्या जागी आपल्या उदाहरणात केवळ १९५८ लिहिले आहे. मानक त्यास हरकत घेत नाही, वर्ष तेवढे ठाऊक असेल तर तेवढेच लिहावे. परंतु तक्त्यातील तारखेच्या रकान्याला दिवस, महिना व वर्ष हे तिन्ही लागतात, नाहीतर तो नोंद स्वीकारतच नाही. मग आज्ञावली लिहिणारा निमूटपणे '१ जानेवारी' चिकटवून देतो. आपल्या शाळांच्या जुन्या दाखल्यांत १ जून ह्या दिवशी जन्मलेल्यांची केवढी गर्दी असते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्या रोगाची ओळख पटेल. उपाय अवघड नाही. तारखेशेजारी 'ही तारीख कुठवर खरी : वर्षापुरती, महिन्यापुरती की दिवसापर्यंत' असा एक रकाना आखावा. साठ वर्षांच्या माणसाच्या बाबतीत सहा महिन्यांचा फरक क्षम्य ठरेल, पण वजनावर व वयावर औषधाची मात्रा ठरणाऱ्या अर्भकाच्या बाबतीत नाही.

तपासणीचा निष्कर्ष हा दिसावयास केवळ आकडा असतो, परंतु तो एकटा कधीच येत नाही. वरील १०४ ह्या आकड्याला त्याच्या शेजारचे परिमाण अर्थ देते. रक्तातील साखर आपल्याकडे दर डेसिलिटरला मिलिग्रॅम अशी मोजतात, ब्रिटनमध्ये दर लिटरला मिलिमोल अशी. आपले १०४ म्हणजे त्यांचे सुमारे ५.८. परिमाण न नोंदता नुसते आकडे एका रकान्यात ओतले तर पुढे कोणी त्यांची सरासरी काढील व तीवरून निष्कर्षही काढील! शिवाय प्रयोगशाळा कधी '५ पेक्षा कमी' असे उत्तर देते. ते आकड्यांच्या रकान्यात मावत नाही. 'पेक्षा कमी' हे चिन्ह गाळून ५ ठेवले तर ते असत्य, आणि सगळेच मजकूर म्हणून ठेवले तर बेरीज-वजाबाकी बंद. म्हणून तुलनेचे चिन्ह, आकडा व परिमाण असे तीन रकाने करावेत, आणि ज्या तपासणीचे उत्तर शब्दांत येते तिच्यासाठी शब्दांचा चौथा. संदेशातील 'एनएम' ही खूण उत्तर आकड्यात आहे की मजकुरात हे आधीच सांगून ठेवते, तिचा उपयोग करून घ्यावा.

तपासणीच्या नावांची कथा थोडक्यात सांगतो. 'ग्लुकोज', 'ब्लड शुगर', 'एफ. बी. एस.' ही एकाच वस्तूची तीन नावे असू शकतात, किंवा नसूही शकतात, कारण उपाशीपोटीची साखर व जेवणानंतरची साखर ह्या भिन्न तपासण्या आहेत. हा गोंधळ निवारण्यासाठी अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील रीगनस्ट्रीफ संस्थेने १९९४ पासून 'लॉइंक' नावाची संकेतसूची चालविली आहे. तक्त्यात प्रयोगशाळेने दिलेले नाव व सूचीतील संकेत ही दोन्ही ठेवावीत. संकेत कोणत्या सूचीतला हेही लिहावे. भाषांतर चुकले असे उद्या आढळले तर मूळ शब्द हाताशी असला पाहिजे.

आता त्या मोकळ्या जागेकडे वळू.

समजा, रुग्णाच्या माहितीत बदल झाल्याचा संदेश आला आणि त्यात दूरध्वनी क्रमांकाची जागा मोकळी आहे. ह्याचा अर्थ काय घ्यावा? रुग्णाकडे दूरध्वनी नाही, असा? पूर्वीचा क्रमांक रद्द झाला, असा? की पाठविणाऱ्याला त्याविषयी काही म्हणावयाचे नाही, असा? दुसऱ्या आवृत्तीचा नियम ह्याबाबत स्पष्ट आहे. दोन रेघांमध्ये काहीच नसेल तर तो मौनाचा प्रसंग समजावा आणि तुमच्याकडे जे लिहिलेले असेल ते तसेच राहू द्यावे. पूर्वीची नोंद पुसावयाची असेल तर पाठविणारा दोन रेघांमध्ये दुहेरी अवतरणचिन्हांची रिकामी जोडी, म्हणजे "" असे लिहील. एक मौन, दुसरी आज्ञा. कागदावर त्यांत दोन टिंबांएवढाच फरक असतो!

संगणकाचे तक्ते मात्र मौन आणि आज्ञा ह्यांत भेद करावयास शिकलेले नसतात. त्यांच्याकडे 'नल' नावाची एकच पोकळी असते आणि न सांगितलेले, पुसलेले, विचारूनही न कळलेले, लागू नसलेले असे सारे तीत जाऊन पडते. 'ऑरॅकल' नावाच्या प्रख्यात माहितीसाठ्यात तर मजकुराच्या रकान्यात रिकामा मजकूर लिहिला तरी त्याचा नलच होतो. ह्या नलचे वर्तनही चमत्कारिक आहे. 'ज्यांच्या ॲलर्जीच्या रकान्यात पेनिसिलिन लिहिलेले नाही असे रुग्ण दाखव' अशी मागणी साध्या असमानतेच्या चिन्हाने केली तर ज्यांचा रकाना नल आहे ते रुग्ण यादीत येतच नाहीत. नल हा पेनिसिलिनहून भिन्न आहे की नाही, ह्याचे उत्तर संगणक 'ठाऊक नाही' असे देतो व त्यांना वगळतो. हे वर्तन ज्याने एकदा ध्यानात घेतले तो तक्ता आखताना रिकाम्या रकान्याला फारसा विश्वासाने वागवीत नाही.

ॲलर्जीच्या बाबतीत हा प्रश्न प्राणांशी निगडित आहे. प्रवेशाच्या संदेशात ॲलर्जीच्या ओळी ऐच्छिक असतात. एकही ओळ आली नाही तर रुग्णाला ॲलर्जी नाही असे नव्हे. प्रवेशाच्या खिडकीवरील कारकुनाने ते विचारलेच नसेल. वैद्यकदृष्ट्या तीन स्थिती अगदी भिन्न आहेत : अमुक औषध मानवत नाही हे ठाऊक आहे, विचारले व काहीही आढळले नाही, आणि विचारलेच नाही. पहिलीत औषध बदलावयाचे, दुसरीत ते देता येते, तिसरीत डॉक्टरांनी खाटेपाशी जाऊन विचारावयाचे. ज्या तक्त्यात ॲलर्जी असेल तरच ओळ लिहिली जाते, त्यात दुसरी व तिसरी स्थिती एकसारखीच दिसते, कारण दोन्हींत तक्ता मोकळा! नव्या 'फायर' मानकाने 'ज्ञात ॲलर्जी नाही' ही नोंदसुद्धा ॲलर्जीच्या रूपानेच लिहिण्याची मुभा दिली आहे. सोय उत्तम आहे, परंतु तिच्यातही एक खड्डा आहे. ओळी मोजून 'ह्या रुग्णास एक ॲलर्जी आहे' असे सांगणारी आज्ञावली त्या निरोगी माणसालाही तांबडी चिठ्ठी लावून मोकळी होते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, जेथे मौन घातक ठरू शकते तेथे मौनालाही रकाना द्यावा. रुग्णाच्या तक्त्यात 'ॲलर्जीविषयी विचारणा' असा रकाना असावा व त्यात 'केली नाही', 'केली, आढळली नाही', 'केली, आढळली' आणि 'केली, रुग्ण सांगू शकला नाही' ह्यांपैकी एक उत्तर सक्तीने भरले जावे. तोच न्याय गर्भारपणास व चालू असलेल्या औषधांस लावावा. प्रत्येक बारीकसारीक रकान्याशेजारी असा जोडीदार बसविण्याचा आग्रह मात्र धरू नये. दूरध्वनी क्रमांक का नाही, ह्याची चौकशी करीत बसणाऱ्या तक्त्याला परिचारिका कंटाळतात आणि मग त्या काहीतरी भरून टाकतात. खोट्या उत्तरापेक्षा प्रामाणिक रिकामी जागा बरी.

यादी पाठविण्याच्याही दोन पद्धती आहेत आणि त्यांची गल्लत मोठा घोटाळा करते. पहिलीत पाठविणारा संपूर्ण यादी नव्याने धाडतो, जुनी काढून नवी लावावयाची. दुसरीत प्रत्येक ओळीबरोबर 'घाला', 'काढा' वा 'बदला' अशी सूचना असते. दुसऱ्या पद्धतीने आलेल्या एका ओळीला संपूर्ण यादी समजले, तर जुन्या पाच ॲलर्जी जाऊन एकच उरते. कोणता संगणक कोणती पद्धत पाळतो हे लिहून ठेवण्यासाठी पाठविणाऱ्यांचा एक स्वतंत्र तक्ता असावा, ते ज्ञान आज्ञावलीच्या पोटात दडवू नये.

'फायर' मानकाची मांडणी अधिक सुबोध आहे. तीत रुग्ण, निरीक्षण, ॲलर्जी, औषधयोजना अशा सुमारे दीडशे वस्तू कल्पिल्या असून जागांना आकड्यांऐवजी नावे आहेत. निरीक्षणाचे उत्तर नसेल तर ते का नाही, हे लिहिण्याची जागा मानकातच आहे. २०१८ च्या डिसेंबरात निघालेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत काही भाग प्रथमच कायम म्हणून ठरविण्यात आला, आणि भारताच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने तीच आवृत्ती स्वीकारली. ह्या योजनेचा देशव्यापी आरंभ २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाला. तीत मिळणारा 'आभा' क्रमांक चौदा अंकी असतो. भारतातील वापरासाठी हे मानक कसे वळवून घ्यावे, कोणती जागा सक्तीची करावी, कोणती संकेतसूची वापरावी, ह्याचे नमुने पुण्याच्या सी-डॅकमधील राष्ट्रीय केंद्राने तयार केले आहेत. मूळ मानक जगातील सर्व देशांसाठी असल्याने ते फार सैल असते, जवळजवळ प्रत्येक जागा ऐच्छिक. तक्ते आखताना म्हणून मूळ मानकावर विसंबू नये, आपल्या देशाचा कडक नमुना समोर ठेवावा. तरीही नमुन्यात न बसणारे काही ना काही येतेच. त्यासाठी 'इतर' म्हणून एक तक्ता राखावा आणि अनोळखी मजकूर तेथे जशाच्या तसा ठेवावा.

तक्ते आखून झाले, माहिती उतरली. ते बरोबर आखले आहेत हे कसे ओळखावे? गणितात बेरजेचा ताळा पाहतात तसा येथेही पाहता येतो. तक्त्यांतून मजकूर उचलून त्यापासून पुन्हा संदेश तयार करावा आणि तो कीर्दीतील मूळ संदेशाशेजारी ठेवावा. १९५८ गेले आणि १९५८०१०१ परत आले, की जन्मतारखेचा रकाना चुकला. '५ पेक्षा कमी'चे ५ झाले, की चिन्हाचा रकाना राहिला. ह्या चुका निदान डोळ्यांना दिसतात. सर्वांत जपावयाचे ते मोकळ्या जागेला. तक्त्यातील नल पुन्हा लिहिताना आज्ञावलीने मोकळ्या जागेऐवजी "" असे लिहिले, तर शेजारचा संगणक ती आज्ञा समजतो आणि त्याच्याकडे नीट लिहून ठेवलेली नोंद मुकाट्याने पुसून टाकतो.